नेटकेसाहेबांची चौथी नळी

आमच्या लॅबमध्ये चोवीस वर्षं मी एका माणसाला 'साहेब' म्हटलं. खरं आडनाव त्याचं वेगळं; 'नेटके' हे आम्ही ठेवलेलं. ते त्याच्या कानावर गेलं तेव्हा राग यायचा सोडून तो खूश झाला, यावरून माणूस काय होता ते ओळखा. तोंडावर मी अहो-जाहो केलं, तो आला की खुर्ची सोडली, त्याच्या पाचकळ विनोदांना हसलेसुद्धा. इथं मात्र त्याला एकेरीतच घेणार आहे. माझ्याकडचा आदर संपला.

या माणसानं स्वतःच्या बायकोला, स्वतःच्या हातानं काढलेल्या एका आकड्यावर, स्मृतिभ्रंशाची पेशंट ठरवलं. वहिनी तेव्हा साठीच्याही नव्हत्या. त्या आकड्याच्या जोरावर तो त्यांना विसराळू म्हाताऱ्यांच्या एका सेंटरमध्ये ठेवून आला आणि चौदा महिने त्या तिथं खिडकीपाशी बसून होत्या. त्या तिथंच संपणार की परत माणसांत येणार, हे त्या आकड्यावर होतं, आणि तो आकडा चुकीचा होता. कसा चुकला ते सांगते. पण त्यासाठी आधी हा प्राणी कळायला हवा.

तो लॅबमध्ये लागला काचसामान धुणारा म्हणून. यात हिणवण्यासारखं काही नाही. मीही सुरुवातीला पेट्या उचलल्या आहेत. त्या काळी सगळं काचेचं असायचं. नळ्या, बाटल्या, सगळं धुवायचं, उकळायचं, वाळवायचं आणि दुसऱ्या दिवशी परत वापरायचं. तो इतकं चकचकीत धुवायचा की तेव्हाचे प्रमुख एकदा नळी उजेडात धरून सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्याच्या हातची काच बघा जरा. लॅब चालते ती ह्याच्या जिवावर." झालं. त्या एका वाक्यावर गडी पुढची पस्तीस वर्षं जगला. संध्याकाळचे वर्ग करून तो परीक्षा पास झाला, तंत्रज्ञ झाला, विभागप्रमुख झाला. चिकाटी होती, नाही असं नाही. पण वर चढला तो बाटल्या घासायचा ब्रश काखेत घेऊनच.

पुढे प्लॅस्टिकच्या नळ्या आल्या. वापरा आणि फेका. आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं. ह्याला मात्र तो स्वतःचा अपमान वाटला. "काच ती काच," तो म्हणायचा. "प्लॅस्टिकमधून धड दिसतं तरी का?" सगळ्या लॅबनं काच सोडली तरी ह्यानं आपल्या विभागापुरत्या दोन पेट्या काचेच्या नळ्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या, आणि त्या तो स्वतः धुवायचा. विभागप्रमुख माणूस, बाह्या सरसावून बेसिनपाशी उभा! नवीन लोक म्हणायचे, किती साधा माणूस आहे. साधा कसला, तो तिथं उभं राहून स्वतःचीच आरती ओवाळत असायचा.

त्याचं टेबल बघण्यासारखं होतं. स्टेपलरची जागा मार्करनं आखलेली. पेनं एका रेषेत, टोपणं एकाच दिशेला. टेलिफोनवर कापडाचं आवरण. घंटा वाजली की आधी आवरणाची घडी, मग हॅलो. तोवर निम्मे लोक फोन ठेवून द्यायचे. 'स्वच्छ विभाग' नावाची एक ढाल दरवर्षी दिली जायची, ती सलग सात वर्षं ह्याच्याकडे होती. त्या ढालीवर धूळ बसू नये म्हणून तिलाही आवरण होतं. त्यामुळे ती ढाल कशी दिसते हे आम्हांला कुणालाच नीट माहीत नाही.

माझं टेबल त्याच्या शेजारचं. रक्तातली साखर, मूत्रपिंड, थायरॉइड, दिवसाला तीनशे नमुने, लाल टोपणं, पिवळी टोपणं, पेशंटांची गर्दी, "रिपोर्ट कधी मिळेल हो" चा घोष. त्याला तो 'भाजीबाजार' म्हणायचा. "बाई, तुमचा भाजीबाजार जरा आवरा, माझ्या टेबलावर पाला येतोय." असं रोज. ज्या टेबलानं निम्म्या शहराचे आजार शोधले त्याला ह्यानं काडीची किंमत दिली नाही.

ह्याचं टेबल म्हणजे शिष्टांचं. माणूस फार विसरायला लागला की डॉक्टर त्याच्या पाठीतून, दोन मणक्यांच्या मधून सुई घालून थोडं पाणी काढतात. त्यात काही प्रथिनं मोजतात. एक अमायलॉइड. स्मृतिभ्रंशाचा जो सगळ्यात जास्त आढळणारा आजार, त्यात ते मेंदूत साचून बसतं आणि पाण्यात कमी उतरतं. दुसरं टाऊ, त्या आजारात मेंदूच्या पेशी खराब व्हायला लागल्या की ते पाण्यात वाढतं. पहिलं कमी आणि दुसरं जास्त, असं दोन्ही दिसलं तर संशय बळावतो. नुसत्या एकावर शहाणा डॉक्टर काही ठरवत नाही. तो माणसाशी बोलतो, घरच्यांना विचारतो, साध्या तपासण्या करतो, आणि मग आकडा हातात घेतो. नेटकेचं उलटं. त्याला माणूस मध्ये यायलाच नको होता. "आकडा बोलतो," हे त्याचं पेटंट वाक्य. एखाद्याचा मुलगा खिडकीशी येऊन सांगायला लागला की बाबा अजून हिशेबानं औषधं घेतात, रस्ता चुकत नाहीत, तर हा हात वर करून म्हणायचा, "तुम्ही बोलू नका. आकडा बोलतो."

वॉर्डातून ते पाणी प्लॅस्टिकच्या चार बुटक्या नळ्यांत यायचं. सिस्टरांनी घाईघाईत लावलेली लेबलं तिरपी, एकीत पाणी जास्त, एकीत कमी. ते ह्याला बघवायचं नाही. पहिल्या तीन नळ्यांतलं पाणी तो एका काचेच्या नळीत एकत्र करायचा. ती उजेडात धरायचा. मग त्यातलं वरचं वरचं दुसऱ्या काचेच्या नळीत ओतायचा. तिथून पुन्हा सारख्या उंचीच्या छोट्या काचेच्या नळ्यांत, प्रत्येकीत सारखंच पाणी, टपोऱ्या अक्षरातलं सरळ लेबल. चौथी नळी न उघडता उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये, 'राखीव' म्हणून. हे सगळं चाललं असताना त्याच्याशी बोलायचं नाही. श्वास घेतला तरी मान वळवून बघायचा.

आता वहिनी. त्या पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. शेकडो नंबर तोंडपाठ, आवाज खणखणीत. पहिली काही वर्षं त्या लॅबमध्ये यायच्या तेव्हा आम्हां सगळ्यांना नावानिशी हाक मारायच्या, कुणाच्या मुलाचं काय चाललंय ते विचारायच्या. ह्या माणसाला अशी बायको कशी मिळाली याचं आम्हांला कोडं होतं. मग येणं कमी झालं. "ती हल्ली विसरते," नेटके सांगायचा, जणू स्टेपलर जागेवर ठेवत नाही अशा सुरात. खरं तर तक्रार तीच होती. चमचे चुकीच्या खणात, दुधाच्या पातेल्यावर झाकण नाही, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिनिटभरानं.

आमच्या एका सहकारी बाईंच्या निरोपसमारंभाला तो त्यांना घेऊन आला होता. भर उन्हाळा, पंखे गरगरत होते आणि वहिनी स्वेटर घालून बसलेल्या. चेहरा सुजलेला. भुवया बाहेरच्या बाजूनं उडालेल्या. मी जवळ जाऊन हात हातात घेतला तर गार. "कशा आहात?" म्हटलं तर थांबल्या, माझ्याकडे बघितलं, आणि घोगऱ्या आवाजात एकेक शब्द ठेवत म्हणाल्या, "बरी... आहे. तुम्ही?" रोज थायरॉइडचे पन्नास नमुने लावणाऱ्या बाईला आणखी काय सांगायला हवं? मी तिथल्या तिथं म्हटलं, "साहेब, वहिनींचं थायरॉइड एकदा बघू या का?"

तो हातातला कप बशीत नीट मध्यावर ठेवत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई, भाजीबाजार लॅबमध्ये ठेवून येत चला. इथं चांगली माणसं जमली आहेत."

लोक हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मी काय केलं, तर मूग गिळून बसले. एवढंच नाही, मनात म्हटलं, मर, तुझी बायको तू बघ. वहिनींचा त्यात काही दोष नव्हता, पण रागाच्या भरात मी त्यांनाही त्याच्याच खात्यात टाकलं. पुढं दुसऱ्यांदा विचारायला माझं तोंड काही झिजलं नसतं. विचारलं नाही. त्याला जेवढ्या शिव्या घालते त्यातली एक माझ्या वाटणीची आहे, हे मला ठाऊक आहे.

त्यानंतर तो वहिनींना आमच्याच हॉस्पिटलमधल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर तरुण, हुशार बाई. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "रक्ताच्या तपासण्या झाल्या आहेत का? थायरॉइड, जीवनसत्त्वं वगैरे?" ह्यानं बेधडक सांगितलं, "घरचीच लॅब आहे मॅडम. सगळं झालंय." काहीही झालेलं नव्हतं. रक्त तपासायचं म्हणजे माझ्या टेबलाशी येऊन चिठ्ठी द्यायची, आणि ते ह्याच्या इभ्रतीला कसं परवडणार? डॉक्टरांनी लॅबमधला जुना माणूस म्हणून विश्वास ठेवला. पाठीतलं पाणी काढलं गेलं.

त्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. नवे हातमोजे, नवा मास्क. नळ्या आदल्या दिवशी दोनदा धुतलेल्या. बायकोचा नमुना म्हणून त्यानं नेहमीपेक्षा आणखी एकदा ओतलं. मी शेजारून बघत होते. काळजीच होती ती, त्याच्या जातीची. अमायलॉइड आलं चारशे दहा. आमच्याकडे सहाशेच्या खाली गेलं की कमी धरायचे. टाऊ मात्र अगदी नॉर्मल.

डॉक्टरांचा फोन आला. आवरणाची घडी झाली, मग हॅलो. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "हे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीयेत. नमुन्यात काही गडबड असू शकते. पुन्हा कराल का?"

"मॅडम," हा म्हणाला, "माझ्या हातचा आकडा आहे."

तरी पुन्हा केलं, उपकार केल्यासारखं. पण कशातून केलं? त्याच काचेच्या नळीतून. आले चारशे पाच. "बघा," तो विजयी मुद्रेनं आम्हां सगळ्यांना म्हणाला. बायकोचा मेंदू गेला हे सिद्ध झाल्याचा आनंद होता तो! मला वाटतं, आनंद कशाचा आहे हे त्याच्या लक्षातच आलं नसेल. डॉक्टरांनी रिपोर्टवर 'सुरुवातीची अवस्था असण्याची शक्यता, सहा महिन्यांनी पुन्हा पाहणे' असं लिहिलं. 'शक्यता' हा शब्द त्यानं वाचला नाही आणि सहा महिन्यांनी तो डॉक्टरांकडे फिरकला नाही. रिपोर्टची प्रत काढून ती सेंटरच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावून आला. नंतर वहिनींना ज्यानं ज्यानं तपासलं त्यानं ते पहिलं पान वाचलं आणि पुढं बघितलंच नाही. आवाज घोगरा? आजारच तो. वजन वाढतंय? बसून असतात ना. थंडी वाजते? म्हातारपण. साठीच्या आतलं म्हातारपण!

दर रविवारी तो भेटायला जायचा, आणि सोमवारी आम्हांला ऐकवायचा. "काही कळत नाही हो तिला. मी आपला जाऊन बसतो. कर्तव्य." लोक चुकचुकायचे. किती करतो बायकोचं, म्हणायचे.

चौदाव्या महिन्यात ह्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. तीन आठवडे रजा, आणि त्याचं टेबल माझ्याकडे. जाताना कपाटाची किल्ली देऊन दोन पानांच्या सूचना लिहून गेला: कुठल्या नळीतून कुठल्या नळीत, किती अंशात तिरपी धरून. मी किल्ली खणात टाकली. भाजीबाजार सांभाळून हे ओतण्याचे सोहळे करायला मला वेळ कुठला? वॉर्डातून नळी आली की तीच मशीनला लावायची, बस्स.

तीन आठवड्यांत अकरा नमुने आले. त्यातल्या नऊ जणांचं अमायलॉइड सहाशेच्या वर. नेटकेच्या वहीत बघितलं तर त्याच्या हातून दहातले सात सहाशेच्या खाली जायचे. मला आधी वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. चोवीस वर्षं कुणी तुम्हांला भाजीवाली म्हणत राहिलं की तुम्हांलाही ते पटायला लागतं.

तो परत आला, काळा चष्मा लावून. वही उघडली आणि भडकला. "बाई, काय दिवे लावलेत हे? सगळे आकडे वर! कुठल्या नळीत घेतलं?"

"ज्या नळीत आलं त्याच."

"तरीच! घाणीत घातलं की घाणच येणार."

त्याच्या त्या 'तरीच'नं माझ्या डोक्यात किडा सोडला. तपासणीच्या रसायनांच्या प्रत्येक खोक्यात एक माहितीपत्रक येतं, सोळा घड्यांचं. नेटके ती पत्रकं तारखेवार रबरबँड लावून ठेवायचा. एकाचीही घडी मोडलेली नव्हती! मोडली तर परत तशी होत नाही ना. मी सगळ्यात वरचं पत्रक काढलं आणि जेवायच्या सुटीत वाचलं. तिसऱ्या परिच्छेदात ठळक अक्षरांत होतं: अमायलॉइड चिकट असतं, नळीच्या भिंतीला धरून बसतं; अमुक जातीच्या प्लॅस्टिकच्या नळीतच घ्या, काच वापरू नका, एका नळीतून दुसरीत ओतू नका, नाहीतर आकडा खोटाच कमी येतो.

मी खुर्चीत बसूनच राहिले. ही तपासणी आमच्याकडे सुरू झाल्यापासून सहा वर्षं हा माणूस लोकांचं अमायलॉइड आपल्या धुतलेल्या काचेला पुसून ठेवत होता. टाऊ इतकं चिकटत नाही, म्हणून ते खरं येत होतं, म्हणून दोन आकडे जुळत नव्हते, आणि म्हणून त्या डॉक्टर बिचाऱ्या फोनवर 'पुन्हा करा' म्हणत होत्या. ज्या नमुन्याचे तो जास्त लाड करायचा त्याचा आकडा तेवढा जास्त खाली जायचा. आणि सगळ्यात जास्त लाड कुणाच्या नमुन्याचे झाले होते?

मी पत्रकावर थांबले नाही. एका पेशंटचं उरलेलं पाणी घेतलं. अर्धं त्याच्याच नळीतून लावलं, अर्धं नेटकेच्या सूचनांबरहुकूम काचेत तीनदा ओतून लावलं. पहिलं सातशे साठ, दुसरं चारशे सत्तर. एकाच माणसाच्या पाठीतलं पाणी. मग मी फ्रीजर उघडला. त्याच्या नेटकेपणाचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला. वहिनींची चौथी नळी अर्ध्या मिनिटात सापडली. न उघडलेली, प्लॅस्टिकची, तिरप्या लेबलाची. ती वितळवून थेट मशीनला लावली.

आठशे चाळीस.

कागद घेऊन मी त्याच्या टेबलाशी गेले. खरं सांगते, मला त्या क्षणाची फार हौस होती. त्याला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडायचं, भाजीबाजार ह्या शब्दासकट. मी तीन कागद त्याच्यापुढं ठेवले आणि पत्रकातला परिच्छेद मोठ्यानं वाचला. तो ऐकत होता. मग त्यानं पहिलं काय केलं असेल? माहितीपत्रक उचललं आणि जुन्या घड्यांवर परत घालायचा प्रयत्न करायला लागला. घड्या जमेनात. तीनदा उलगडलं, तीनदा घातलं. "ह्याची घडी तुम्ही मोडायला नको होती," तो म्हणाला. माझी हौस तिथंच फिटली. असल्या माणसाला हरवण्यात तरी काय मजा?

"साहेब, हा वहिनींचा आकडा आहे," मी म्हटलं. "आठशे चाळीस."

"मशीन तापलं असेल," तो म्हणाला.

मी त्याच्याच टेबलावरून, त्याच्याच आवरणाची घडी न करता, मेंदूच्या डॉक्टरांना फोन लावला. त्या अर्ध्या तासात खाली आल्या. लॅबच्या प्रमुखांना सांगितलं तर ते म्हणाले, "बोभाटा नको. हळूहळू बघू." डॉक्टर म्हणाल्या, "हळूहळू? लोक घरी बसून मरणाची वाट बघताहेत." सहा वर्षांतली यादी काढून त्यांनी एकेकाला परत बोलावलं. त्यात काही जण खरोखरच आजारी निघाले, बरेच नाही निघाले, काही तोवर गेले होते. ते सगळं लिहायला वेगळं बळ लागेल.

वहिनींचं रक्त काढायला मी स्वतः सेंटरमध्ये गेले. थायरॉइडची ग्रंथी आळसावली की माणूस मंदावतो, विसरायला लागतो, आणि रक्तात टी.एस.एच. नावाचा एक आकडा वाढतो. पाचच्या आत असायला हवा. वहिनींचा आला अठ्ठ्याण्णव. माझ्या टेबलावर, अर्ध्या दिवसात. निरोपसमारंभाच्या दुसऱ्या दिवशी हे करता आलं असतं. तो कागद हातात धरून मी बेसिनपाशी गेले आणि थोडी रडले. मग तोंड धुऊन रिपोर्टवर सही केली.

रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी, एवढंच औषध. पहिला महिना फारसं काही नाही. दुसऱ्या महिन्यात चेहऱ्याची सूज उतरली. तिसऱ्यात वहिनींनी मेट्रनबाईंना पेपर मागितला आणि शब्दकोडं सोडवलं. चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी लिहून दिलं: स्मृतिभ्रंश नाही, घरी जाण्यास हरकत नाही.

त्या रविवारी पुन्हा रक्त काढायचं होतं म्हणून मीही गेले होते. नेटके रिकामी सूटकेस घेऊन आला. सुटकेचा अर्ज त्यानं आधीच भरून आणला होता, टपोऱ्या अक्षरांत. वहिनी खुर्चीत बसल्या होत्या, स्वेटर नव्हता, केस विंचरलेले. मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधत होते.

"चल," तो म्हणाला. "गाडी उभी आहे."

"बसा," वहिनी म्हणाल्या. तो खणखणीत आवाज मी किती वर्षांनी ऐकला. "बाई, तुम्ही तुमचं चालू द्या." मग त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "पहिल्या रविवारी तुम्ही मेट्रनबाईंना काय सांगितलंत, आठवतंय? 'हिच्याशी बोलण्यात वेळ घालवू नका, भिंतीशी बोलल्यासारखं आहे.' मी इथंच बसले होते."

त्यानं सूटकेस भिंतीला समांतर लावून ठेवली.

"तिसऱ्या रविवारी तुमच्या भावाचा फोन आला. माझ्याकडे पाठ करून नाही, तोंड करून बोललात. 'सुटलो बाबा एकदाचा. आता घर ठेवलं तसं राहतं.' मला कळत होतं सगळं. फक्त उत्तर जुळवून ओठांपर्यंत आणेतो तुम्ही पुढं गेलेले असायचात."

"अगं, मला काय माहीत तुला..."

"माझी बहीण आली होती. एकदाच. तिला तुम्ही दारातच सांगितलंत, 'परत येऊ नकोस, ती तुला ओळखत नाही.' ती रडायला लागली. मी तिला हाक मारायला तोंड उघडत होते. उघडेपर्यंत ती जिना उतरून गेली." सुई काढून मी कापूस दाबून धरला. "गोळी सुरू होईपर्यंतचे चौदा महिन्यांचे रविवार आहेत. सगळे सांगू?"

"मला माहीत असतं तर मी असं बोललो असतो का?" तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून खरं वाक्य निघालं असेल.

"नसता बोललात. तेच तर," वहिनी म्हणाल्या. "मी बहिणीकडे राहायला चाललेय. ती येतेय न्यायला. मला राग नाही असं नाही म्हणणार, भरपूर आहे. पण तुम्हांला यायला बंदी नाही. रविवारी या. इथं बसायचात तसं समोर बसा आणि बोला. मी ऐकते."

त्यानं अर्ज उचलला, त्याची घडी घातली, रिकामी सूटकेस घेतली आणि तो गेला. जिन्यात एकदा सूटकेस भिंतीवर आपटल्याचा आवाज आला.

आता तो निवृत्त झालाय. बहिणीचं घर त्याच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे. दोन वर्षं झाली. तो एकदाही गेलेला नाही.